विहीणबाईंच्या घरचं पाणी

॥ श्री मुक्ताबाई प्रसन्न ॥
मुक्ताईनगर, १० मार्च २०२५

सौ. सुंदरबाई विहीणबाई यांस सुलक्षणाचा नमस्कार.

तुमची पिशवी काल एसटीच्या पार्सलातून पोचली. तूरडाळ दोन किलो, लाल मिरची अर्धा किलो, शेवयांचा पुडा एक आणि तळाशी नूतनची जुनी शाल. पार्सलाचं भाडं तुम्ही शिरपूरला भरलंत, इथे हमालाने वीस रुपये घेतले. डाळ घरच्या शेतातली, तिची किंमत तुम्ही सांगणार नाही, म्हणून बाजारभावाने तीनशे धरले आणि तेवढ्याचे केळीचे वेफर्स करून पाठवते आहे. रागावू नका. लेकीच्या सासरचं फुकट ठेवून घ्यायची आमच्यात रीत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, तुमच्याकडे दोनदा येऊन गेले ते घरून पाण्याची बाटली घेऊनच. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. माझ्या आईनेही घेतलं नव्हतं.

आता कागद कशाला, ते सांगते. फोन केला की तुम्ही लगेच तो नूतनच्या हाती देता. ती म्हणते, "मी मजेत आहे, आई, तू जेवलीस का?" आणि मधेच फोन लांब धरते. भिंतीकडे तोंड करून खोकलं तरी आईला ऐकू येतं, विहीणबाई. शाळेतली नोकरी सोडल्याचंही मला तिने सांगितलं नाही. माझा पुतण्या नवल बियाण्यांच्या कामाने तिकडे फिरतो, त्याच्याकडून कळलं.

दिवाळीला ती आली नाही, संक्रांतीला आली नाही. नूतनचे वडील, नाना, गेल्यापासून घरात मी एकटी. एका माणसाच्या स्वयंपाकाला आवाजसुद्धा होत नाही. यंदा आखाजी ३० एप्रिलला आहे, कॅलेंडरात अक्षय्य तृतीया पाहून ठेवली. अंगणातल्या निंबाची झोक्याची फांदी मी गेल्या वर्षी तोडू दिली नाही, लाकूडवाला दोनदा येऊन गेला. तुम्ही हो म्हणा, मी नवलला मुऱ्हाळी म्हणून पाठवते. माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीने उंबरा ओलांडू नये, हे तुम्हीही पाळता, मीही पाळते.

तिच्या आंघोळीला पाणी गरम असतं ना? लहानपणी थंड पाण्याने तिची छाती भरायची.

आपली,
सुलक्षणा


॥ श्री एकवीरा माता ॥
शिरपूर, २१ मार्च

सुलक्षणाबाईंना सुंदरबाईचा नमस्कार.

वेफर्स पोचले. प्रेमराजने अर्धे उभ्याउभ्याच संपवले. तुमच्या जावयाला बसायलाही दम निघत नाही. डाळीचे तीनशे वाचून मला हसू आलं आणि रागही आला. विहिणीला डाळ विकली असं गल्लीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का? माझी सासू असती तर म्हणाली असती, "हाई काय दुकान शे का व?"

मी सातवीपर्यंत शिकलेली. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुम्ही मॅट्रिक.

नूतनचं म्हणाल तर कफ होतो. कान दुखतो, नाक भरतं, बरं होतं की पुन्हा तेच. जानेवारीत धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून तिने माझ्या गळ्याची शपथ घातली होती, तरी एवढं लिहिते. पोरीला कामाला लावून आजारी पाडलं असं मनात आणू नका. तिला मी झाडूसुद्धा हातात घेऊ देत नाही, धूळ उडते म्हणून.

टीबीची तपासणी केली, निल. डेंगूची केली, निल. आता नाशिकच्या डॉक्टरांनी एक लस टोचली आहे आणि महिन्याने रक्त काढणार आहेत. आधी टोचायचं आणि मग रक्त तपासायचं, हे कसलं शास्त्र ते मला विचारू नका. रिपोर्ट चांगला आला की आखाजीला पाठवते. हा माझा शब्द.

पाणी गरम असतं. बंब मी स्वतः पेटवते.

सुंदरबाई


मुक्ताईनगर, ३१ मार्च

विहीणबाई,

कागद मिळाला. दवाखान्याचं वाचून दोन दिवस हातातून भांडी पडत होती. आता सावरले आहे. शपथ मोडलीत त्याचं पाप तुम्हाला लागू नये म्हणून काल देवळात तुमच्या नावानेही फूल वाहिलं.

सोबत अंगारा आहे. रिपोर्ट येईपर्यंत मी एकादशीखेरीज सोमवारही धरले आहेत. नूतनला सांगू नका, ती फोनवर ओरडते. म्हणते, "उपास तू करतेस आणि चक्कर पण तुलाच येते, देवाला यात काय मिळतं?" विज्ञानाची मास्तरीण ना.

सुलक्षणा


शिरपूर, १० एप्रिल

सुलक्षणाबाई, तोंड गोड करा!

रिपोर्ट आला. इंग्रजीत लांबलचक आहे, पण प्रेमराजने वाचला. लस टोचली होती ना, त्याचं रक्तात काही म्हणजे काहीच सापडलं नाही. निल. टीबी निल, डेंगू निल, हेही निल. मी चौकातल्या दुकानातून पेढे आणून गल्लीत वाटले. तुमच्या वाटणीचा पाव किलो पाठवते आहे आणि कृपा करून त्याची किंमत वहीत लिहू नका.

नूतन मात्र रिपोर्ट हातात घेऊन डोळे पुसत बसली. मी म्हटलं, आता कसाले रडस व? ती म्हणाली, "अक्का, डॉक्टरांना दाखवू आधी." सून माझी घाबरट आहे. नाशिकची तारीख २३ ची मिळाली आहे. तुम्ही नवलला २६ ला पाठवा. तिची बॅग मी भरायला घेते.

तुमच्या अंगाऱ्याला यश आलं.

सुंदरबाई


॥ श्री मुक्ताबाई प्रसन्न ॥
मुक्ताईनगर, १६ एप्रिल

विहीणबाई,

तुमचे पाय धरावेत असं वाटलं. नारळ फोडला, ओटी भरली. पेढ्यातला एक देवापुढे, एक नानांच्या फोटोपुढे, एक मी खाल्ला, बाकीचे नूतन आल्यावर.

नवा दोर आणला आणि नवलने फांदीला टांगून स्वतः बसून पाहिला. एवढा जड माणूस बसला तरी फांदी हलली नाही. सांजोऱ्यांचा रवा दळून ठेवला. गल्लीतल्या मुली विचारून जातात, "नूतनताई गौराईची गाणी सांगेल ना? आमची पाठ नाहीत." मी म्हणते, सांगेल. तिची गादी उन्हात घातली आहे. रोज घालते, रोज आत आणते, शेजारची बेबाबाई हसते.

आखाजीला नानांच्या नावाने घागर भरायची, तीही यंदा तिच्या हातून भरून घेईन. त्यांना तिचीच आठवण जास्त.

२६ ला सकाळी नवल तुमच्या दारात असेल. त्याला चहा द्या, तो मुलगाच आहे, त्याला आमची रीत लागू नाही.

सुलक्षणा


शिरपूर, २६ एप्रिल
(नवलच्या हाती)

सुलक्षणाबाई,

नूतनला यंदा पाठवता येत नाही. घरात काम निघालं आहे. माझ्या नणंदेकडचं लग्न आहे, माणसं येणार, मला एकटीला उरकणार नाही. नवलला रिकामं पाठवते याचं वाईट वाटतं. गैरसमज नसावा.

सुंदरबाई


मुक्ताईनगर, २ मे

सौ. सुंदरबाई यांस,

नवल संध्याकाळी आला आणि ओट्यावर चप्पल काढून तिथेच उभा राहिला. मी त्याच्या मागे पाहत राहिले. वाटलं, ती रिक्षातून बॅग उतरवत असेल. तो म्हणाला, "काकू, आत चल."

मुऱ्हाळी रिकामा परत येणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. नानांच्या आजारपणातही माझ्या सासूने मला आखाजीला पाठवलं होतं, ती तर रागीट म्हणून गावभर प्रसिद्ध. तुम्ही शब्द दिला होतात. बॅग भरायला घेते असं लिहिलं होतंत. झाडू हातात देत नाही म्हणालात, आणि आता लग्नघरातलं काम तिच्यावाचून अडतं?

नवल सांगतो, नूतन ओसरीवर आलीच नाही. आतून म्हणाली, "दादा, जवळ येऊ नकोस, तुला सर्दी आहे." भावाला सर्दी आहे म्हणून बहीण भेटत नाही, हे तुमच्या घरचं नवं वळण आहे का?

आखाजीला घागर मीच भरली. खरबुजांतलं चांगलं पिकलं डांगर निवडून वर ठेवलं, सांजोरी ठेवली. गल्लीतल्या मुली झोक्यावर बसायला आल्या, त्यांना नाही म्हणवलं नाही. त्यांना गाण्याची पहिलीच ओळ येत होती, तीच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी आतून कडी लावून घेतली.

मला काही नको. तिच्या हातच्या दोन ओळी तेवढ्या पाठवा.

सुलक्षणा


॥ श्री एकवीरा माता ॥
शिरपूर, ९ मे

सुलक्षणाबाई,

तुमचा कागद मी देवघरात बसून वाचला. बोललात ते बरं केलंत. तुमच्या जागी मी असते तर नवलच्या जागी स्वतः येऊन दार ठोठावलं असतं.

नणंदेकडे लग्न नव्हतं. खोटं लिहिलं. नूतन म्हणाली, "आईला सांगू नका, ती पाणीसुद्धा सोडेल." आता मीच तिला सांगितलं, शपथ बिपथ काही नाही, मी विहिणीला सगळं लिहिणार. ती रडली आणि मग म्हणाली, लिहा.

२३ ला नाशिकला गेलो. मी डॉक्टरांसाठी पेढे नेले होते. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "आजी, टीबी निल असणं चांगलं. पण हा रिपोर्ट निल यायला नको होता." लस टोचतात ती शरीराला कामाला लावायला. महिन्यात रक्तात तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी दिसायला हव्यात, करोनात तो शब्द आपण ऐकला होता तो. नूतनच्या रक्तात एकही वाढली नाही. मी गल्लीभर वाटलेले पेढे माझ्या घशात परत आले, सुलक्षणाबाई. प्रेमराज तर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर डोकं धरून बसला. रिपोर्ट वाचणारा तोच ना.

घरी आल्यावर मी नूतनला म्हटलं, मला नीट सांग, मी अडाणी म्हणून सोडू नकोस. तिने चुलीपुढे बसून कोळशाने फरशीवर काढून दाखवलं. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी हाडाच्या आतल्या मगजात जन्मतात. थोड्या मोठ्या झाल्या की रक्तातून बाहेर पडतात आणि गळ्यातल्या, काखेतल्या गाठींमध्ये जाऊन बसतात. तिथे रोगाचा जंतू समोर आला की दुसऱ्या मदतनीस पेशी त्यांना हात देतात. मग त्या वाढतात, शिकतात, शहाण्या होतात आणि त्यांच्यातल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी बनतात. अँटिबॉडी काढतात त्या याच, बाकीच्या नाही. नूतनच्या पेशी जन्मतात, बाहेरही पडतात, गाठीत जाऊन बसतातही. पण पुढे जात नाहीत.

मी म्हटलं, म्हणजे पोरी नववीपर्यंत शाळेत जातात आणि दहावीला बसतच नाहीत? ती हसली. इतक्या दिवसांनी हसली. म्हणाली, "अगदी तसंच, अक्का. वर्ग भरलेला आणि पास एकही नाही. म्हणून गाठी सुजतात." यात तिचा दोष नाही, तुमचा नाही, थंड पाण्याचा नाही. कशाने होतं ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. बरीच वर्षं नीट चालून ऐन तरुणपणात बिघडतं म्हणे.

यावर औषध म्हणजे दुसऱ्यांच्या अँटिबॉडी. हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातलं पाणी एकत्र करून त्यातून काढतात. सलाईनसारखं शिरेतून देतात. पण उसनं ते उसनं, महिन्याभरात संपतं, म्हणून दर महिन्याला धुळ्याला जाऊन घ्यायचं. बहुतेक जन्मभर. पहिलं ५ मे ला झालं. ते जमेपर्यंत गर्दी, एसटी, सर्दी-खोकल्याची माणसं, सगळं बंद. म्हणून नवलला ती भेटली नाही. दाराआड उभी राहून त्याचा आवाज ऐकत होती. तो निघाला तेव्हा खिडकीतून त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

खाली तिने लिहिलं आहे.

सुंदरबाई

आई,
मला माफ कर. अक्कांना काही बोलू नकोस, रात्री माझ्या छातीला तेल त्याच लावतात.
एक गोष्ट अक्कांची लिहायची राहिली, ती मी लिहिते. गाठीत शहाण्या झालेल्या पेशींपैकी काही परत फिरतात. ज्या हाडातून निघाल्या होत्या त्याच मगजात येऊन राहतात आणि वर्षानुवर्षं तिथूनच काम करतात. मी हे नववीच्या मुलांना शिकवायचे. तेव्हा पाठ होतं, आता कळतं.
आणि तू म्हणायचीस ना, तान्ही असताना मी कधी आजारी पडले नाही. ते खरं होतं. पोटात असतानाच तुझ्या अँटिबॉडी माझ्यात आल्या होत्या. पहिले काही महिने मी तुझ्याच जिवावर काढले.
झोका सोडू नकोस.
नूतन


मुक्ताईनगर, १७ मे

विहीणबाई,

आधी माझं २ तारखेचं बोलणं मागे घेते. तुम्ही वाईट वाटून घेतलं नाहीत म्हणून मला जास्त वाईट वाटतं. तो कागद चुलीत घाला.

नूतनच्या ओळी इतक्यांदा उलगडल्या की घडीवर कागद फाटला. पेशी परत येतात ते वाचून मी बराच वेळ अंगणात बसले. म्हणजे आपल्या हाडांतही आखाजी असते. लेकी जन्मतात, लांब जातात, शहाण्या होऊन परत येतात आणि घर धरून राहतात. माझ्या हाडांत त्या येत असतील. तिच्या हाडांत कुणी येत नाही आणि माझ्या अंगणात ती येत नाही.

एक विचारते, हसू नका. तान्हेपणी माझं तिला चाललं, मग आता का चालणार नाही? माझं रक्त घ्या. मला साखर नाही, दाब नाही, आयुष्यात हॉटेलचं खाल्लं नाही. हजारो परक्यांचं चालतं आणि आईचं चालत नाही, असं कसं? डॉक्टरांना विचारा. मी धुळ्याला परस्पर येईन.

खरं सांगायचं तर त्या हजारो माणसांचा विचार डोक्यातून जात नाही. आमच्या घरात मी कधी विरजणसुद्धा शेजारून आणलं नाही. संपलं तर दुधात मिरचीचं देठ घालून वाट पाहिली. आणि माझ्या पोटची पोर आता कुणाकुणाच्या अंगचं घेऊन श्वास घेते. त्यांची जात माहीत नाही, गाव माहीत नाही. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की त्यांच्यासाठी हात जोडते. नावं ठाऊक नाहीत, म्हणून "ज्यांनी दिलं त्यांचं भलं कर" एवढंच म्हणते.

गणपतीत ती आली होती तेव्हा जाताना वळून पाहिलं नाही म्हणून मी रुसले होते. तिचा चेहरा आठवायला बसले की ती पाठच दिसते. मला तिला एकदा पाहू द्या. मी सकाळच्या गाडीने येईन, ओसरीवर लांब बसेन, दोन तासांनी परत फिरेन. माझी बाटली आणि भाकर बरोबर असेल, तुम्हाला कसला त्रास नाही.

सुलक्षणा


शिरपूर, २७ मे

सुलक्षणाबाई,

डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, एका माणसाच्या अंगात त्याला भेटलेल्या रोगांच्याच अँटिबॉडी असतात, म्हणून हजारोंच्या एकत्र करतात. एकट्या आईच्या पुरत नाहीत, आणि अशा कच्च्या देताही येत नाहीत. "पण त्या आईंना सांगा," म्हणाले, "त्यांना काही द्यायचंच असेल तर स्वतः फ्लूची लस घ्या. घरात येणाऱ्या माणसाने रोग आणला नाही तर तेही पेशंटला दिल्यासारखंच आहे." मी, आमचे हे आणि प्रेमराज, तिघांनी घेतली. प्रेमराज सुई पाहून पांढरा पडला. त्याची बायको महिन्याला हातभर सुई घेते आणि हा बाप्या!

आता तुमच्या दोन तासांचं. नूतनचा ताप उतरला आहे. खोकला आहे, पण रात्री झोप लागते. दुसरं सलाईन २ जूनला आहे. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर माणूस येऊन राहू दे, तिला तेही औषधच आहे. राहू दे म्हणाले, सुलक्षणाबाई. बसून जाऊ दे नाही म्हणाले.

आणि बाटलीचं. आमच्या घरात आता एकच पाणी आहे. मी पहाटे उकळते, गाळते, झाकते. बाहेरचं पाणी नाही, बाहेरचं शिजलेलं अन्न नाही, पाहुण्याचा डबासुद्धा नाही. माझ्या भावाला मी उसाच्या रसाचा ग्लास ओट्यावर ठेवून आत यायला लावलं, तो अजून फुगलेला आहे. तेव्हा तुमची बाटली उंबऱ्याबाहेर राहील. तिच्याबरोबर तुम्हीही बाहेर राहायचं की बाटली सोडून आत यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जोर करत नाही. तुमच्या आईने पाळलं, तुम्ही पाळता, त्याला मी हसत नाही.

पण एक केलं आहे. माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, बरोबर? मग यंदा माहेर लेकीकडे यायचं तर त्यालाही कुणी न्यायला जायला हवं. मी प्रेमराजला सांगितलं, तू मुऱ्हाळी हो. तो म्हणाला, "अक्का, जावई कधी सासूचा मुऱ्हाळी होतो का? लोक हसतील." मी म्हटलं, निल रिपोर्टचे पेढे वाटले तेव्हा लोक हसले नाहीत, आता हसू दे.

नूतन रोज विचारते, आईचा कागद आला का. तुमच्यासाठी तिने खिडकीजवळची खाट सोडली आहे.

सुंदरबाई


॥ श्री मुक्ताबाई प्रसन्न ॥
मुक्ताईनगर, ४ जून २०२५

प्रिय सुंदरबाई,

तुमचा कागद आला त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन लस घेतली. किती लागले ते यंदा लिहीत नाही. दंड दुखला, रात्री कणकण आली. बेबाबाई म्हणाली, "या वयात सुया कशाला टोचून घेते?" मी म्हटलं, माझ्या पोरी शिकायला बसल्या आहेत, जरा त्रास व्हायचाच. तिला काही कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात नीट तयार व्हायला पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस मी बाजारात जाणार नाही, भजनाला जाणार नाही. काल देवळाच्या कळसालाही बाहेरूनच हात जोडले. दंडावर हात ठेवून बसते आणि आतल्यांना म्हणते, लवकर व्हा ग.

झोका सोडला नाही. दोर तेवढा उन्हाने कुजू नये म्हणून काढून आत ठेवला. पुढच्या आखाजीला लागेल.

पाण्याचं मी खूप मनात घोळवलं. नानांना विचारलं, आईला विचारलं. फोटो काय बोलणार. मग काल हरिपाठाला बसले आणि त्या माणसांसाठी हात जोडताना मधेच थांबले. त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नसेल की हे कुणाच्या लेकीला जाणार, तिच्या आईची रीत काय. त्यांनी दिलं आणि माझ्या लेकीने घेतलं, म्हणून ती आज खिडकीपाशी बसून माझा कागद वाचते. ती एवढ्यांचं घेऊन उभी आणि मी तुमच्या हातच्या पेल्यापाशी अडून बसले आहे. नातवंडाचं तोंड पाहायचं ते देवाच्या मनात असेल तेव्हा पाहीन. तोवर तहानलेली राहायला माझ्याकडे आता तेवढे दिवस नाहीत.

बाटली आणत नाही. भाकर आणत नाही. तिच्यासाठी पहाटे उकळून ठेवता त्यातलंच एक पेलाभर मला द्या, वेगळं काढू नका. जमलं तर नूतनच्या हातून द्या. ती माझ्याकडे तोंड करून उभी असेल.

पंधरा दिवस १६ तारखेला पुरे होतात. १७ नंतर मी केव्हाही निघते. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, त्यात दोन लुगडी, हरिपाठाची पोथी आणि तुमच्या धाकाने दुसरं काही नाही. एवढंच अडलं आहे की जावई मुऱ्हाळी होऊन दारात आला तर त्याला जावई म्हणून पाटावर बसवू, की भाऊ म्हणून पाठीत धपका घालू? ते आणि तो कोणत्या गाडीने येतो ते, उलट टपाली कळवा.

तुमची,
सुलक्षणा